सोलापूरच्या छापखान्यातला जुना मॅक: बाहेरची हार्ड डिस्क जोडायला जाताना

पुण्याहून हुतात्मा संध्याकाळी सुटते, परतीची गाडी भल्या सकाळी. म्हणजे दोन मुक्काम आणि मधला अख्खा दिवस कामाला. एप्रिल-मे टाळा, पत्र्याच्या छताखाली जुनी डिस्क तापली की बंदच पडते.

काम होतं साखर पेठेतल्या छापखान्यातल्या अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश क्लासिक २ या जुन्या कॉम्प्युटरवरून चादरींच्या लेबलांच्या फायली बाहेर काढायचं. यंत्रमागाच्या गावात आधी मॅकच्या मागचं स्कझीचं (बाहेरची डिस्क जोडायची जुनी पद्धत) सॉकेट बघा. २५ छिद्रांत पिंज ठासून बसलेली असते. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिलने ती काढल्याशिवाय केबल लावू नका.

केबल घरूनच न्या: एका टोकाला २५ पिनी, दुसऱ्या टोकाला ५० पिनी सेंट्रॉनिक्स. नवी पेठेत २५ पिनी म्हणून मिळेल ती प्रिंटरची, तिचं दुसरं टोक ३६ पिनी. निळ्या झिप ड्राइव्हचंही (काढता येणाऱ्या डिस्कचा ड्राइव्ह) तसंच. पॅरलल (प्रिंटरच्या पोर्टला लागणारं) आणि स्कझी मॉडेल सारखीच दिसतात. मागे ५ किंवा ६ आयडीचा (जोडलेल्या प्रत्येक उपकरणाचा वेगळा नंबर) खटका असेल तरच ती स्कझी.

आयडी ७ मॅकचा, ० आतल्या डिस्कचा. बाहेरच्या डिस्कच्या पेटीला १ ते ६ मधला मोकळा नंबर द्या.

खरी गोची टर्मिनेटरची, म्हणजे टोकाला सिग्नल शोषून घेणाऱ्या बुचाची. एकामागे एक जोडलेल्या उपकरणांच्या साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेशन लागतं, मध्ये कुठेही नको. एक टोक सहसा आतल्या डिस्कवर असतं, दुसरं शेवटच्या पेटीच्या मोकळ्या सॉकेटवर. ते नसेल तर सिग्नल टोकावरून परत उलटतो: छोटी फाइल जाते, मोठी अर्ध्यात अडकते, आणि लोक डिस्क खराब झाली म्हणतात. उलटही घडतं. पेटीतल्या जुन्या डिस्कच्या बोर्डावर रेझिस्टरच्या पट्ट्या (बहुधा तीन) असतात. त्या ठेवून बाहेरूनही टर्मिनेटर लावला तर टर्मिनेशन दुप्पट होतं. पट्ट्या काढा, पण आधी पहिल्या पिनची बाजू मार्करने खुणवा.

टर्मिनेटरला वीजही लागते. मॅक चालू करून २५ व्या पिनवर मीटर लावा, काळी तार सॉकेटच्या पत्र्याला. साडेचार-पाच व्होल्टच्या आसपास हवेत. शेजारची २४ वी पिन ग्राउंड आहे, टोक घसरू देऊ नका. मॅक प्लस या आधीच्या मॉडेलवर ही वीज येतच नाही, तिथे ती पेटीकडूनच घ्यावी लागते. सगळ्या केबली मिळून ६ मीटरच्या आत. आम्ही दोनच्या पुढे जात नाही.

आधी पेटी चालू करा, डिस्कचा आवाज स्थिरावला की मग मॅक. चालू असताना केबल काढायची नाही.

कॉपी करताना फॉन्ट विसरू नका. मॅकच्या सिस्टिम ७.१ पासून ते सिस्टिम फोल्डरमधल्या फॉन्ट्समध्ये असतात, ७.० मध्ये सिस्टिम फायलीच्या आत. जुना मराठी मजकूर त्या फॉन्टशिवाय वाचताच येत नाही. थेट पेन ड्राइव्हवर टाकले तर त्यांचा रिसोर्स फोर्क (मॅकच्या फायलीचा दुसरा भाग, फॉन्ट त्यातच असतो) गळून पडतो आणि शून्य बाइटची फाइल हाती येते. म्हणून मॅकवरच स्टफइट या प्रोग्रॅमने बांधा, बिनहेक्स करा (साध्या अक्षरांच्या फायलीत बदला), मगच हलवा.

आणि टेबलावर कडक भाकरी मोडू नका, चुरा थेट कीबोर्डात जातो.