इंडक्शन हॉब, आठवडा तिसरा: तिसरी पिन नुसती शोभेची

मागच्या नोंदीत फुशारकी मारली होती, की पुढच्या रविवारचा चहा हॉबवर. चहा गॅसवरच झाला. हॉब अजून खोक्यात आहे आणि सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घराच्या परसात एक खड्डा आहे.

आधी हिशोब. दोन चुलींचा हॉब, दोन्ही पूर्ण ताकदीवर ३५०० वॅट. २३० व्होल्टला भागलं की १५.२ अँपिअर. धाकटा भाऊ म्हणाला, "सोळाचा सॉकेट हाय की दादा, खुपस आणि मोकळा हो." कागदावर बसतंय खरं. पण गीझर पंधरा मिनिटं चालतो, हॉब सणासुदीला दोन-दोन तास. सॉकेटची पत्ती जराशी सैल असली की पिन तापते, प्लास्टिक आधी पिवळं पडतं, मग करपतं. म्हणून प्लगच नको. मेन बोर्डातून स्वतंत्र लाईन: ४ स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, ओट्याच्या बाजूला हाताला येईल असा डबल पोल स्विच. हॉब १५, एमसीबी २०, वायर २५च्या वर. हा क्रम उलटा झाला तर एमसीबीच्या आधी वायर जळते. बिलावरचा मंजूर भार २ किलोवॅट होता, त्याच्या वाढीचा अर्ज महावितरणकडे दिलाय.

आता खरी गंमत. नवी लाईन ओढायच्या आधी सवयीनं स्वयंपाकघरातल्या जुन्या सॉकेटला मल्टिमीटर लावला. फेज-न्यूट्रल २३२. फेज-अर्थही जवळपास तेवढंच हवं, पण ८७, तेही नाचणारे. डिजिटल मीटरला असे भुताटकीचे व्होल्ट दिसतात, म्हणून १०० वॅटचा बल्ब होल्डरला लावून फेज-अर्थमध्ये धरला. काळोख, म्हणजे अर्थ जोडलेलीच नाही. (हे करण्याआधी घरातले फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन सगळ्यांचे प्लग काढले होते. अर्थ तुटलेली असेल तर याच बल्बमधून त्यांच्या पत्र्यावर फेज जाते. हे विसरू नका.)

मेन बंद करून, टेस्टरनं खात्री करून बोर्ड उघडला. कोपऱ्यात अजून पुराच्या गाळाची बारीक पूड. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाखाली कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५. ओसरल्यावर आम्ही सगळे बोर्ड अडीच फुटांवरून पाच फुटांवर घेतले. फेज-न्यूट्रलला नवे तुकडे जोडले. हिरवी वायर मात्र तोकडी पडली, आणि कुणीतरी ती पाईपातच गुंडाळून वर टेप मारला. कुणीतरी म्हणजे मीच असणार. टेप माझ्या डब्यातलाच होता. इतकी वर्षं आई त्याच सॉकेटवर मिक्सर लावत होती.

परसातली जुनी अर्थिंगची प्लेटही गंजून गेलेली निघाली. म्हणून खड्डा. जीआय पाईप, अडीच मीटर, भोवती कोळसा-मीठ. काळी माती ओली असली की अर्थिंगला सोनं. मित्राच्या कारखान्यातला अर्थ टेस्टर आणून मोजलं तर ३.४ ओहम; जितके कमी तितकं बरं. मी खूश. परवानावाले वायरमनकाका मात्र हसले. "भागाकार कर की लेका." २३० भागिले ३.४ म्हणजे ६७ अँपिअर, तेही पलीकडच्या ट्रान्सफॉर्मरचं अर्थिंग धरलं नाही तर. सी प्रकारचा २०चा एमसीबी झटक्यात पडायला शंभरच्या पुढे लागतात. हॉबच्या पत्र्याला फेज लागली तर एमसीबी ढिम्मपणे वेळ काढत बसेल. म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे एवढीशी गळती झाली तरी वीज तोडणारा स्विच, हवीच. अर्थिंग आणि ती, दोन्ही. बोर्डातली जोडणी काकाच करणार, मी वायर ओढून आणि नावं चिकटवून ठेवली.

एक सांगायचं राहिलं. हॉबच्या केबलमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. आपल्या घरात न्यूट्रल काळी असते, आणि निळी म्हणजे थ्री फेजमधली एक फेज. आमच्याकडे वरच्या मजल्याची फेज निळ्या वायरनंच आलीये. रंगाला रंग जोडत गेलो असतो तर काय झालं असतं ते सांगायला नको. जोडाच्या डबीत मार्करनं मोठ्ठं लिहून ठेवलंय.

दरम्यान आईनं फ्रिजवरचा चुंबक काढून सगळी भांडी तपासली. ॲल्युमिनियमची पातेली बाद, लोखंडी तवा पास, पण त्याचा बूड गोल. "म्हणजे भाकरी गॅसवरच की," म्हणाली, आणि निवांत झाली.

पुढची नोंद आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबल्यावर. ओहम मात्र पुन्हा चैत्रात मोजणार, माती भेगाळल्यावर.