आई आणि अर्धा पाइंट

लिहायचं मॅशम, म्हणायचं मॅसम. इंग्लंडच्या यॉर्कशरमधलं हे एवढंसं गाव, पण चौक मात्र ऐसपैस. आठवड्यासाठी कॉटेज घेतलं होतं. दुपारी पावसाने गाठलं तशी आई म्हणाली, "कुठेतरी आत टेकूया गं." जवळचं आत म्हणजे पब.

टेबल धरून बसलो. पंधरा मिनिटं झाली तरी कोणी विचारायला येईना. "माज आहे," आईने निकाल दिला. मग कळलं, काउंटरवर जाऊन आपणच सांगायचं. तिथे रांग दिसत नाही, पण कोणाच्या आधी कोण आलं हे सगळ्यांना पाठ असतं.

काउंटरमागची बाई हापसा मारावा तशी दांडी ओढत होती. तळघरातून वर येणारी ही बिअर बर्फगार नसते, माठातल्या पाण्याइतकीच गार. गावात ब्रुअऱ्या, म्हणजे बिअरचे कारखाने, दोन. थीकस्टन 1827 ची. ती बाहेरच्यांच्या हाती गेल्यावर त्याच घरातल्या पॉल थीकस्टन यांनी 1992 मध्ये इथेच दुसरी उभी केली, नाव ठेवलं ब्लॅक शीप. आपल्याकडे भाऊबंद बांध कोरतात.

मी बिअरचा अर्धा पाइंट घेतला, आईला लेमोनेड.

साताऱ्यात आमच्या शाळेच्या वाटेवर एक परमिट रूम होती. काळी काच, दाराला मळका पडदा, आत कायमची रात्र. ती आली की आई माझं मनगट घट्ट धरून रस्ता ओलांडायची आणि थोडं पुढे गेलं की परत ओलांडून मूळ बाजूला यायची. कारण कधी सांगितलं नाही. आत चावरं कुत्रं असणार, अशी माझी खात्री होती.

इथे खरंच कुत्रं होतं. म्हातारं, पावसात भिजलेलं, आईच्या बुटावर हनुवटी टेकून झोपलेलं. पलीकडच्या आजोबांनी चिप्सचं पाकीट उभं फाडून ताटासारखं पसरलं आणि आमच्याकडे सरकवलं. आईने दोन घेतल्या. मग आणखी दोन.

घरच्या ग्रुपवर टाकायला फोटो काढू लागले, तर तिने माझा ग्लास हळूच मेनूकार्डामागे सारला. "मामा बघतात," म्हणाली.

फोटो छान आलाय. आई, कुत्रं, चिप्स. मेनूकार्डाच्या वर बोटभर फेसही दिसतोय, पण मामांचा चष्मा जुना आहे.