सतरा सेंटिमीटर तार

त्रिमूर्तीनगरच्या घरी पोर्चच्या शटरला मोटर बसवली ती बाबांसाठी. नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, पहिली पाळी आटोपून मी लॅबमधून आले, की हॉर्न ऐकून ते कूलरसमोरून उठायचे, डोक्याला दुपट्टा गुंडाळायचे आणि शटर वर ढकलायचे. वय 76, त्यात गुडघे दुखरे.

मोटर लागली, पण दोन महिन्यांत रिमोट चार पावलांवरून चालेनासा झाला. मग बाबा पुन्हा उठू लागले. ‘‘दिवा तर लागते, मग शटर काहून हलून नाही राहिलं?’’

रिमोटवरचा दिवा सेल उतरला तरी लागतो. आतला 12 व्होल्टचा छोटा सेल मल्टिमीटरवर 9 दाखवत होता. नवा टाकल्यावर दुपारी आठ पावलं मिळाली, रात्री मात्र पाचच. दुकानदार म्हणाला, जास्त ताकदीचा रिमोट घ्या. मला ते पटेना. रिमोट तोच, सेल नवा, मग रात्री काय बदलतं?

पोर्चमधला बल्ब! तो स्वस्तातला एलईडी होता, मोटरच्या पेटीत रिमोटचा सिग्नल पकडणारा जो रिसिव्हर असतो, त्यापासून हातभर अंतरावर. तो बंद केला आणि रात्रीही आठ पावलं मिळाली. अशा बल्बच्या आतलं सर्किट रेडिओ लहरींचा गोंगाट करतं, त्यात रिमोटचा क्षीण आवाज बुडतो. बल्ब बदलून लांब लावला.

उरलं दुपारचं कोडं: तेव्हा बल्ब बंद, तरी आठच पावलं का? एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडून मोटरची पेटी उघडली. (आत 230 व्होल्ट असतात, सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनलाच बोलवा.) रिसिव्हरची अँटेना म्हणजे एक साधी तार. ती कुणीतरी वेटोळं करून पत्र्याच्या पेटीत कोंबली होती. पत्रा लहरी अडवतो, मग रिसिव्हरला ऐकू येणार कसं?

रिमोटच्या पाठीवर 433.92 मेगाहर्ट्‌झ छापलेलं होतं. या लहरीची लांबी साधारण 69 सेंटिमीटर, आणि अँटेना तिच्या चौथाईची लागते, म्हणजे 17.3. लांब तार जास्त चांगली असं नाही, माप जुळावं लागतं. 315 मेगाहर्ट्‌झचा रिमोट असता तर 23.8 लागली असती. मी पट्टीने मोजून तार कापली, पेटीच्या भोकात रबरी बूच बसवून बाहेर काढली आणि सरळ खाली सोडली. शटरच्या पत्र्याला आणि मोटरच्या वायरींना लागून ठेवली नाही, नाहीतर सगळी मेहनत वाया जाते.

चौतीस पावलं! शेजारच्या कडूनिंबापर्यंत. शटर खाली घेताना मात्र मी अजूनही समोर उभी राहूनच बटण दाबते, गल्लीत पोरं खेळत असतात.

पहिल्या दुपारी बाबा सवयीने दुपट्टा घेऊन उठलेच. ते दारापर्यंत आले, तोवर माझी गाडी आत लागली होती.