दोन ९११ आणि एक सकाळ

आज पहाटे मित्राच्या काकांनी दोन्ही चाव्या माझ्या हातात ठेवल्या. दोन्ही पोर्शे ९११ या स्पोर्ट्स कारच्या. एक जुनी, ९९७ पिढीची. दुसरी तिच्यानंतर २०११ साली आलेली ९९१. इंदूरचा सुपर कॉरिडॉर रस्ता रिकामा, म्हणजे दोन गाई आणि एक दूधवाला सोडून.

आधी जुनी घेतली. स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं, चांगलंच जड. पण रस्त्यातला सांधा, सांडलेली खडी, डांबराचं ठिगळ, सगळं थेट बोटांत येतं. दहा मिनिटांत तळहाताला घाम. गिअर सहा, प्रत्येक टाकताना ‘खट्’ असा आवाज, आमच्या आजीच्या लोखंडी कपाटाच्या कडीसारखा.

मग नवी. तिच्या स्टिअरिंगला तेलाच्या पंपाऐवजी इलेक्ट्रिक मोटर. चाक हलकं, अचूक, पण जरा अबोल. वळणावर मात्र हीच भारी, हे मान्य. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, १०० मिमी जास्त, त्यामुळे मागे टांगलेलं इंजिन शेपूट हलवत नाही. इंजिन ३.६ लिटरवरून ३.४ वर आलं, तरी ताकद ३२५ वरून ३५० अश्वशक्ती!

थांबल्यावर मी सवयीनं हँडब्रेकचा दांडा शोधत बसलो. तिथे नुसतं बटण. काका खो-खो हसले.

छप्पन दुकान या खाऊगल्लीत पोहे-जलेबी खाताना विचारलं, ‘काका, एक विकायची झाली तर?’

पोह्यांवर जिरावन मसाल्याची चिमूट टाकत म्हणाले, ‘नवी. जुनी तुझ्या काकूला आवडते.’

काकू दोन्हींत कधीच बसत नाहीत. पाठ दुखते म्हणे.