तंबू शिवणारा पॉल आणि सदरमधला चहा

काल सदरमध्ये चहा पिता पिता मित्र म्हणे, येशू रोमन राज्याच्या एका कोपऱ्यात क्रूसावर गेला, मग त्याचा ख्रिस्ती धर्म रोमपर्यंत पोचला कसा बे? तेव्हापासून तेच वाचून राहिलो.

रस्ते होते नं! रोमन लोकांनी सैन्यासाठी बांधलेले पक्के रस्ते, त्यात समुद्रातली जहाजं आणि पूर्वेकडे जिकडेतिकडे चालणारी ग्रीक भाषा. हा धर्म गावोगावी सांगत फिरणारा पॉल तंबू बनवायचा, म्हणजे कारागीर माणूस, ग्रीसमधल्या करिंथ शहरात अक्विला आणि प्रिस्किला या नवराबायकोकडे राहून त्यांच्यासोबतच काम करायचा आणि शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, त्यांच्या सभास्थानात जाऊन वाद घालायचा. सुरुवातीला वेगळं चर्च वगैरे नव्हतंच, कोणाच्या तरी घरी जमायचं, जेवायचं, पॉलसारख्याचं आलेलं पत्र मोठ्याने वाचायचं. पॉलने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात तर लिहून घेणारा तर्तियस मधेच स्वतःचाही नमस्कार टाकून देतो, मला तर हे जाम आवडलं.

मग साधारण 112 च्या सुमारास प्लिनी नावाचा गव्हर्नर सम्राट ट्रेजनला विचारतो की या ख्रिस्ती लोकांचं करू काय. म्हणे ठरलेल्या दिवशी पहाटेआधी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. खरं काय ते काढायला त्याने दोन गुलाम बायकांचा छळ केला. त्यांची नावंही लिहिली नाहीत त्याने!

शेवटी 313 मध्ये कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस या रोमन सम्राटांनी ख्रिस्ती लोकांना धर्म पाळायची मोकळीक दिली. मित्राला हे सगळं व्हॉट्सॲपवर पाठवलं, त्याचा अंगठा आला फक्त.