वाघ कोणी नेईना

नागपूरकराला वाघाचं तसं अप्रूप नसतं. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला, सगळं सकाळी निघून संध्याकाळी परतण्याच्या अंतरावर. तरी लोक महिनामहिना आधी सफारी बुक करतात, अंधारात उठून गेटवर रांग लावतात आणि वाघ दिसला नाही की जिप्सीवाल्यावर रुसतात. जुन्या नागपुरातल्या महाल भागात माझ्या मावशीकडे मात्र वाघ बैठकीतच आहे. येताजाता दिसतो. आणि कोणी तो घेऊन जाणार असेल, तर त्याला तर्री-पोहे खाऊ घालून वर रिक्षाचं भाडं द्यायची तिची तयारी आहे.

वाघ म्हणजे मुंडकं. सागवानी फळीवर बसवलेलं. काकांच्या आजोबांनी देवलापारकडच्या जंगलात मारलेला. आजोबा मालगुजार, म्हणजे इकडचे जमीनदार. तेव्हा परवाना काढायचा, शिकारीसाठी जंगलाचा ठरावीक तुकडा, म्हणजे शूटिंग ब्लॉक मिळवायचा, गावातले हाकारे लावायचे, आणि कातडं मीठ चोळून रेल्वे पार्सलनं थेट म्हैसूरला धाडायचं. तिथली व्हॅन इंगेन ही पेढी मारलेल्या जनावरांत पेंढा भरून ती जिवंतासारखी करण्यात नावाजलेली. १९९९ साली बंद होईपर्यंत तिनं ४०,००० हून जास्त वाघ-बिबटे घडवले म्हणतात. आज सगळ्या देशात मिळून वाघ त्याच्या दशांशाइतकेही नाहीत. काकांकडचाही तिथलाच. १९५१ ला मालगुजारी गेली, पुढे वाड्याच्या वाटण्या झाल्या, भांड्यांवरून भाऊ भांडले. मुंडकं कोणीच मागितलं नाही.

लांबून अजून रुबाब आहे. स्टुलावर चढून पाहिलं की उतरतो. डावा कान कसरीनं खाल्लाय, आतून कागदाचा लगदा दिसतो. जिभेचा गुलाबी रंग पोपडे धरून सुटलाय. डोळे काचेचे, पिवळे, त्यांना मात्र काही झालेलं नाही. ते आपले समोरच्या टीव्हीकडे रोखलेले. मिशी एकही उरलेली नाही. ती कसरीनं नाही, पाहुण्यांनी नेली. वाघाच्या मिशीनं म्हणे काय काय साधतं. आमचे किती नातलग सोयरिकीच्या बोलण्याला येऊन हळूच एक केस उपटून गेले, त्याचा हिशेब मावशीकडे नावानिशी आहे.

दर दिवाळीला ती ओल्या फडक्यानं ते पुसायची. मग कोणीतरी सांगितलं की जुन्या काळी कातड्याला किडे लागू नयेत म्हणून आतून आर्सेनिकचा साबण चोळत, आणि तो इतक्या वर्षांनीही धुळीत उतरतो. ते खरंच आहे. जुन्या पेंढा भरलेल्या जनावराला हात लावायचा तर हातमोजे नि मास्क हवाच, झटकायचं तर मुळीच नाही. तेव्हापासून मावशीनं वाघाशी बोलणं टाकलंय.

आता वाडा पाडून फ्लॅट स्कीम होतेय. सून म्हणते, नव्या घरात हे नको, पोरगं रात्री पाणी प्यायला उठलं तर दचकेल. मग शोधाशोध सुरू झाली. कबाडी दारातूनच फिरला. ‘‘नाही जी, पितळ असंल तर द्या. याच्यापायी जेलात जाऊ काय?’’ त्याला कायदा आमच्यापेक्षा बरा कळतो. पुण्याच्या भाच्यानं सुचवलं, ताडोबाजवळच्या एखाद्या रिसॉर्टला विकून टाका. विकणं हा गुन्हा. शेजाऱ्यांना भेट द्यावं, तर वारसाहक्कानं आल्याशिवाय दुसऱ्या कोणाला असली वस्तू घेता येत नाही. अजब बंगला, म्हणजे आमचं वस्तुसंग्रहालय, १८६३ पासून उभा आहे, तिथे पेंढा भरलेली जनावरं आधीच दाटीनं आहेत. कान नसलेल्या, मिशा उपटलेल्या वाघाला तिथे कोण विचारणार? कचरागाडीत टाकायचं मावशीनं एकदाच म्हटलं आणि स्वतःच जीभ चावली. भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डावर वाघाचं डोकं सापडलं, तर दुसऱ्या दिवशी पेपरात काय छापून येईल!

परस्पर जाळताही येत नाही, कारण वाघ कागदावर आहे. १९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हा घरात असलेल्या असल्या चिजांची नोंद करून मालकी प्रमाणपत्र घ्यावं लागलं. ते ट्रंकेत सातबाऱ्यांच्या खाली सापडलं. वडील गेल्यावर काकांनी वारस म्हणून ९० दिवसांच्या आत कळवूनही टाकलं होतं. काका त्या बाबतीत चोख. आपल्याकडे कितीतरी जुन्या घरांत मुंडकं आहे आणि कागद नाही, त्यांची झोप कशी होते कोण जाणे.

सुटकेचा रस्ता आहे, तो २०२२ च्या दुरुस्तीनं झाला. प्रमाणपत्र असलेल्या माणसाला वस्तू नकोशी झाली, तर मुख्य वन्यजीव रक्षकांना कामाचे सात दिवस आधी कळवायचं आणि जमा करायची. प्रमाणपत्र रद्द, वस्तू सरकारची, मोबदला छदामही नाही. मुंबई-कोल्हापूरच्या माणसाला त्यासाठी नागपूरला लिहावं लागतं. आमचं वनभवन इथेच, सिव्हिल लाइन्सला. अर्ज मीच टाइप केला. ‘वस्तूचे वर्णन’ लिहिताना ‘वाघाचे मुंडके, एक, डावा कान अर्धा’ असं लिहिलं. काकांनी ‘अर्धा’ खोडायला लावलं.

मला वाटतं, वाघ जायला इतका अडतो तो कायद्यानं नाही. मारणाऱ्याची फुशारकी त्याच्याबरोबर पक्की बसवलेली आहे, आणि ती कोणत्या खात्यात जमा करायची हे दुरुस्तीत लिहिलेलं नाही. काकांनी आयुष्यात उंदीरही मारला नाही, पण ‘आमच्या आजोबांनी...’ हे वाक्य त्या फळीखाली बसूनच त्यांना सुचतं. आजोबांनी तो मचाणावरून मारला, खाली रेडा बांधून. घरातली गोष्ट मात्र समोरासमोरची आहे.

आता भांडण उरलंय ते एकच. वनखात्याची गाडी येईल तेव्हा काकांना ती भरदुपारी, गल्लीच्या तोंडाशी, चार माणसं बघतील अशी उभी राहायला हवी. मावशी म्हणते, ‘‘अजिबात नाही. अख्खं महाल म्हणंल, यायच्या घरी धाड पडली.’’ तिला रात्री नऊनंतरची हवी. सरकारी गाडी रात्री नऊला येत नाही, हे तिला सांगायला कोणी धजावलेलं नाही.