चुंबकाला मार्च कळत नाही

फेब्रुवारी सरत आला की पुण्यात वेताळ टेकडीवर काटेसावर फुलते आणि खाली पाषाणच्या प्रयोगशाळांत 'यूसी'चा मोसम सुरू होतो. यूसी म्हणजे युटिलायझेशन सर्टिफिकेट. दिलेला पैसा ठरल्या कामावरच खर्चला, असा संस्थेच्या सह्या-शिक्क्यांचा दाखला. तो गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. १ एप्रिलला आर्थिक वर्ष सुरू करण्याची ही रीत इंग्रजांनी १८६७ साली घातली. आपण ती सोवळ्यात जपली आहे.

प्रकल्पाचा पैसा स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखा असतो. उपकरणं, मनुष्यबळ, रसायनं, प्रवास, किरकोळ. फरक एवढाच, की घरी डाळीच्या डब्यातली नोट दूधवाल्याला देता येते. इथे रसायनांतून उरलेले पैसे उपकरणात वळवायला दिल्लीची मंजुरी लागते.

रेणूंची रचना उलगडणाऱ्या एनएमआर यंत्राच्या चुंबकाला मात्र हे कोण सांगणार? त्याची तार उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियममध्ये बुडालेली. दर आठ-दहा दिवसांनी नायट्रोजन, काही महिन्यांनी हेलियम ओतावंच लागतं. हप्ता रखडला, पातळी उतरली, तर तारेची अतिवाहकता, म्हणजे विनारोध वीज वाहण्याची ताकद, जाते आणि हेलियम काही मिनिटांत वाफ होऊन उडून जातं. मग पुन्हा थंड करा, पुन्हा भरा. रखडलेल्या हप्त्याहून ते कितीतरी महाग.

प्रस्ताव लिहिताना यंत्राची किंमत सगळे लिहितात. यूपीएस, एसी आणि डॉलर चढला तर काय, हे विसरतात. सगळ्यात घातक विसर देखभाल कराराचा. प्रकल्प ३ वर्षांचा, वॉरंटीही बहुधा तेवढीच. दोन्ही एकदम संपतात आणि यंत्र ऐन उमेदीत अनाथ होतं.

२०२३ च्या कायद्याने नवं संशोधन प्रतिष्ठान आलं. ५ वर्षांत ५०,००० कोटी, त्यांतले ३६,००० सरकारबाहेरून यायचे, म्हणजे उद्योगांच्या मर्जीवर. संसदेत आकडा ऐकायला बरा वाटतो. इकडे महिना ३७,००० ची फेलोशिप चार महिने थकलेला मुलगा खानावळवाल्या मावशींच्या उधारीवर पीएचडी करतो. २०२५ च्या जूनमध्ये सरकारी पोर्टलबाहेरून थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख झाली, हे मात्र खरोखर कामाचं.

तरी मार्चची घाई टळत नाही. उरलेले पैसे परत जाऊ नयेत म्हणून खरेदी करायचीच, तर हातमोजे, फिल्टर पेपर, पिपेटच्या टिपा घ्याव्यात. एन्झाइम घेऊ नयेत. वापरायच्या आधीच मुदत संपू शकते. शिवाय बर्फातलं खोकं नेमकं शनिवारी दुपारी येतं आणि सोमवारपर्यंत गेटवर पाझरत बसतं.